दहात सात बोअरला पाणी: पाणाड्याची विद्या की आपला हिशेब?

(माळरान, चौकट, मुरूम ते पाषाण, जुनी विहीर, खुंटी आणि तळटीप ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावं.)

माळरान:

पारनेरच्या पठारावर बोअर घ्यायचं ठरलं की रिगवाल्याच्या आधी पाणाड्याला फोन जातो. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खुंटी. कुणी उंबराची दुबेळकी काठी धरतं, कुणी तांब्याच्या दोन तारा. आणि चांगल्या पाणाड्याबद्दल सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: दहा दाखवले, सात लागले.

शिकलेली मंडळी यावर एका शब्दात निकाल देतात, कन्फर्मेशन बायस. म्हणजे मनाशी जे धरलंय त्याला दुजोरा देणारं तेवढं दिसतं, उलटं जाणारं दिसत नाही. व्याख्या कळली. पण सात ठिकाणी मोटर चालू आहे, तो काही भास नाही. मग हा पूर्वग्रह नेमका शिरतो कुठे? नवा खड्डा न मारता हे गावातल्या गावात तपासता येईल का? आणि मशीन लावणारा भूवैज्ञानिक यातून सुटतो का?

"अंधश्रद्धा आहे, सोडून द्या" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. तेवढं माहीत आहे.

चौकट:

सात बोअर लागले हे खरंच धरू. घोळ न मारलेल्या बोअरमध्ये आहे.

कागदावर चार घरं आखा. वरच्या ओळीत पाणाडी "आहे" म्हणाला ती ठिकाणं: पाणी लागलं, कोरडं गेलं. खालच्या ओळीत तो "नाही" म्हणाला ती ठिकाणं: पाणी लागलं, कोरडं गेलं. आता गावातले सगळे बोअर या घरांत टाका. वरची ओळ भरेल. खालची ओळ कोरी राहील, कारण "इथे पाणी नाही" हे खरं करून दाखवायला फुटामागे पैसे मोजून कोणी रिग बोलावत नाही. दहात सात हा आकडा फक्त वरच्या ओळीतून आला आहे. नारळाला काही कळतं का, हे दोन्ही ओळींची तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही.

खालच्या ओळीत काय आलं असतं? समजा त्या पठारावर डोळे मिटून कुठेही खुंटी ठोकली तरी दहात सरासरी सहा बोअरला थोडंफार पाणी लागतं. तर कुणीही मनाला येईल तिथे दाखवत सुटला तरी दहा बोअरच्या खेपेत सात किंवा त्याहून जास्त लागण्याची शक्यता ३८ टक्के येते. असे पाच जण मनाला येईल तिथे दाखवत फिरले, तर त्यातल्या दोघांच्या नावावर "दहात सात" लागणार, आणि ते दोघे पंचक्रोशीत नावाजले जाणार. उरलेल्या तिघांची नावं तुमच्या कानावर येतच नाहीत. दहात नऊ किंवा जास्त लागले असते तर मात्र थांबून विचार करावा लागला असता, ते नुसत्या योगायोगाने २० खेपांत जेमतेम एकदा घडतं.

ही सवय खेड्यातली किंवा अडाण्यांची नव्हे. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन याने १९६० साली २९ जणांना २-४-६ हे तीन आकडे दिले. हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, मी "बसतं" किंवा "बसत नाही" एवढंच सांगेन, खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांच्या मनात लगेच "दोन-दोनने वाढणारे" असं काहीतरी आलं, आणि मग ८-१०-१२, २०-२२-२४ अशी आपल्या कल्पनेत बसणारीच त्रिकुटं ते विचारत राहिले. दर वेळी उत्तर "बसतं". खरा नियम होता, कोणतेही चढते आकडे. चुकीचा नियम आधी जाहीर न करता थेट बरोबर उत्तर देणारे फक्त ६ निघाले. १-२-१७ विचारलं असतं तरी सुटका होती, पण आपली कल्पना मोडेल असं त्रिकूट विचारायला मन होत नाही.

यातली मेख अशी: खरा नियम तुमच्या कल्पनेपेक्षा रुंद असेल, तर कल्पनेच्या आत कितीही चाचण्या घ्या, "नाही" हे उत्तर येतच नाही. पाण्याचंही तेच असेल, तर पाणाड्याच्या खुंटीवर कितीही बोअर मारले तरी त्याची चूक उघडी पडणार नाही. पण पाणी खरंच खुंटीपेक्षा रुंद पसरलेलं असतं का, ते भूजलवाल्यांनी सांगावं.

मुरूम ते पाषाण:

असतं. पारनेर सगळं बेसॉल्टवर आहे, महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच काळ्या खडकावर आहे. लोकांच्या डोळ्यांसमोर जमिनीखाली नळासारखी वाहणारी "नाड" असते: खुंटी तिच्यावर आली तर पाणी, हातभर सरकली तर कोरडं. या खडकात बहुतेक ठिकाणी चित्र वेगळं आहे. वर माती, खाली मुरूम, मग झिजलेला मऊ खडक, त्याखाली भेगा असलेला, आणि मग घट्ट पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असल्यामुळे खाली पुन्हा मांजऱ्या (पांढऱ्या मण्यांचा) खडक किंवा लाल गेरूसारखा पट्टा येतो आणि पुन्हा पाषाण. पावसाचं पाणी मुरूम, झिजलेला खडक आणि भेगा यांत साठतं, चादरीसारखं पसरून. ओढ्याच्या काठी चादर जाड, टेकाडावर पातळ. त्यामुळे दरीकडच्या रानात खुंटी २० मीटर इकडेतिकडे केल्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. भेगांवर चालणारे बोअर याला अपवाद असतात, तिथे शेजारशेजारच्या दोन बोअरमध्ये जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो. पाणाड्याच्या गोष्टी नेमक्या या अपवादांवर जगतात.

म्हणून "कुठेही मारला तर किती टक्के" हा आकडा गावाचा एकच नसतो. ओढ्यालगतचा वेगळा, माळावरचा वेगळा. पाणाडी बहुधा उताराच्या खालच्या अंगाला दाखवतात. त्यांची तुलना करायची तर तशाच खालच्या रानातल्या, पाणाड्याशिवाय घेतलेल्या बोअरशी करा. माळावरच्या कोरड्या बोअरशी तुलना केली तर नारळ उगाच हुशार ठरेल.

आता "लागलं" म्हणजे काय, याकडे या. अर्धा पूर्वग्रह या एका क्रियापदात लपलेला आहे. बोअरमधून निघणारी खडकाची चुरी ओली आली की कुणीतरी "लागलं!" ओरडतं आणि पेढे येतात. पुढचं गणित करून ठेवा.

साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. ३०० फूट पाण्याचा उभा खांब असेल तर नुसत्या भोकात १,९५० लिटर साठलेले असतात. तासाला ३,००० लिटर ओढणारी मोटर लावली तर पहिली ३९ मिनिटं केवळ या साठ्यावर निघतात, खडकाने थेंब दिला नाही तरी. पहिल्या अर्ध्या तासाचा व्हिडिओ गावभर फिरतो तो याचा. निदान एक तास सलग उपसा झाल्यावर, धार स्थिर झाली की मोजा: २०० लिटरचा पिंप किती सेकंदांत भरतो. २४० सेकंद लागले तर तासाला ३,००० लिटर.

"दोन इंची पाणी" यावर जाऊ नका. रिगवाला ९० अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेतून मोजत असेल, तर खाचेतल्या पाण्याची उंची १ इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, २ इंच म्हणजे २,९००, ३ इंच म्हणजे ८,०००. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून वाढतं. आणि कुणी पाइपाच्या तोंडावर बोटं लावून इंच सांगत असेल तर तो आकडा कशाचाच नाही. एक आणि दोन इंचांतला फरक डोळ्याला अर्ध्या बोटाचा, त्यामुळे ज्याला जे मानायचं ते त्याला दिसतं.

मे महिन्याची नोंद वेगळी ठेवा. कार्तिकात लागलेला बोअर वैशाखात बंद पडला, तर तो "लागलेल्या" सातांत धरायचा का? लोक धरतात. उन्हाळ्यात फळं अंगावर असलेलं डाळिंब मात्र वैशाखातच पाणी मागतं. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर, यावरून आपल्या बागेला रोज किती लागेल ते काढा आणि "यशस्वी"ची रेघ रिग येण्याआधी लिहून ठेवा.

जुनी विहीर:

सगळं मान्य, पण प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल म्हणून अख्खा अध्याय लिहिला आहे. कोणत्या झाडाजवळ वारूळ असेल तर कोणत्या दिशेला, किती पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) खोल पाणी, असं नेमकं दिलंय. तो पण बायस का?

खुंटी:

वराहमिहिराची बाजू नारळापेक्षा बळकट आहे, आणि कारण सरळ आहे: त्याने सांगितलेली खूण कुणालाही दिसते. अमुक झाड आहे की नाही, वारूळ आहे की नाही, यावर दोन माणसांचं दुमत होत नाही. म्हणून ती तपासता येते, खोटी ठरू शकते. उंबर, करंज किंवा बारमाही हिरवी लव्हाळी म्हणजे उथळ ओल, याला अर्थ आहे. पण त्यातला प्रत्येक श्लोक आपल्या बेसॉल्टला लागू पडेलच असं नाही, तो एकेक करून पाहावा लागेल.

यातून एक गोष्ट निघते. मुरलेला पाणाडी रानात शिरतानाच ओढ्याचं वळण, उंबर, शेजारच्या विहिरीची पातळी हे सगळं पाहून घेतो. त्याचे बोअर खरंच थोडे जास्त लागत असतील तर श्रेय डोळ्यांचं असेल, नारळ नुसता पाटावर बसलेला पाहुणा. तपासणी अशी करायला हवी की डोळे आणि नारळ वेगळे पडतील.

माळरान यांनी विचारलेली बिनखर्चाची तपासणी तीन प्रकारे करता येते.

पहिली, बोअरची वही. गावातल्या एका शिवारातले, गेल्या दहा वर्षांतले सगळे बोअर. रकाने: महिना-साल, जागा कुणी दाखवली, पाणाड्याने किती फुटांवर आणि किती पाणी सांगितलं होतं, प्रत्यक्ष खोली, पहिली ओल किती फुटांवर, तासाभरानंतरची धार, मेमधली स्थिती, ओढ्यापासून अंतर. इथे हमखास फसगत होते ती यादी कुठून घ्यायची यात. वीजजोडण्यांची यादी घेतलीत तर संपलात, कोरड्या बोअरला कुणी मीटर घेत नाही. शेतकऱ्यांना विचारलंत तर कोरडा बोअर दगड ठेवून बुजवलेला असतो आणि स्मरणातूनही बुजलेला असतो. यादी रिगवाल्यांच्या वहीतून काढा. त्यांचं बिल फुटावर असतं, त्यामुळे कोरडा फूटही वहीत येतोच. सांगितलेली खोली मात्र मागाहून विचारू नका, लागल्यावर सगळ्यांना "त्याने एकशेऐंशीच सांगितलं होतं" असं आठवतं.

समजा वहीत पाणाड्याचे २४ बोअर निघाले, १६ लागले. इतर १६ निघाले, १० लागले. म्हणजे ६७ आणि ६३ टक्के. आकडे उदाहरणापुरते आहेत. एवढ्या फरकावर "विद्या आहे" म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर "नाही" असंही ठामपणे म्हणता येत नाही. ६० आणि ८० टक्क्यांतला फरक भरवशाने पकडायला दोन्ही गटांत ऐंशीच्या आसपास बोअर लागतील. दोन-तीन गावांच्या वह्या एकत्र केल्या तर जमेल.

दुसरी, दोन पाणाडी आणि एक रान. झाडं, वारुळं, ओढा नसलेलं सपाट, नुकतं नांगरलेलं चार एकर रान घ्या. पहिल्याकडून तीन जागा काढून घ्या, बांधापासून टेपने मोजून लिहा, खुंट्या उपटून पावलांच्या खुणा मोडा. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका, उघड्यावरही तो चार-पाच मीटर हुकतो. दुसऱ्या दिवशी दुसरा पाणाडी, दोघांची भेट होऊ न देता. पाच मीटरच्या आत आलं तर जुळलं, असं आधीच ठरवा. चार एकर म्हणजे १६,००० चौरस मीटर, त्यात पाच मीटर त्रिज्येची तीन वर्तुळं मिळून दीड टक्का जागाही व्यापत नाहीत. दुसऱ्याने नुसतं मनाला येईल तिथे दाखवलं तर त्याच्या तीनपैकी एक तरी जागा जुळण्याची शक्यता जेमतेम चार टक्के. दोन-तीन जागा जुळल्या तर मी स्वतः नारळ फोडायच्या आधी दहादा विचार करीन.

तिसरी, एकाच पाणाड्याची त्याच्या स्वतःशीच तुलना. ५० मीटरची सरळ रेघ, उघड्या डोळ्यांनी नारळ जिथे उठला ती जागा लिहून घ्या. मग डोळे बांधून त्याच रेघेवर दहा फेऱ्या. जुन्या जागेच्या दोन मीटर अलीकडे-पलीकडे आला तर बरोबर. निव्वळ योगायोगाने दहात एखादी फेरी जुळेल, क्वचित दोन. सहा जुळल्या तर मानू, असं पाणाड्याच्या तोंडून आधी वदवून घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्या. चुका कुठे होतात: पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेने दिसतं, म्हणून आधी डोळ्यांवर कापूस आणि मग फडकं. तो पावलं मोजतो, म्हणून सुरुवातीची जागा दर फेरीला चिठ्ठी काढून बदला. पायाला उतार कळतो, म्हणून सपाट रान. आणि हात धरून चालवणाऱ्याला खूण कुठे आहे हे ठाऊक असता कामा नये.

शेवटची अट बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याने शिकवली. तो टापा आपटून बेरजा करायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने १९०७ साली दाखवलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं तरच घोड्याला येतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत जराशी हलायची आणि घोडा थांबायचा. मालक फसवत नव्हता, त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

माळरान:

वही काढतो. पण एक अडतं. हे पाणाडी लबाड वाटत नाहीत. पाणी लागलं नाही तर पैसे घेत नाहीत. आणि नारळ खरंच उठतो, हातात धरलेल्यालाही तो आपोआप उठल्यासारखा वाटतो. ते कसं?

चौकट:

लबाडी धरायची गरजच नाही. तळहातावरचा नारळ, ताणून धरलेली दुबेळकी, सैल धरलेल्या तारा, तिन्ही वस्तू डळमळत्या तोलावर असतात. मनगट केसभर झुकलं तरी त्या मोठी हालचाल करतात, आणि ते झुकणं इतकं लहान असतं की करणाऱ्याला जाणवत नाही. फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ शेवरल याने १८३३ साली दोऱ्याला टांगलेल्या लंबकाबाबत हे दाखवलं: डोळे बांधले की लंबक थांबतो. करून बघा, अंगठी आणि दोरा पुरेत. कागदावर रेघ काढा आणि "रेघेवरून हलेल" एवढं मनात म्हणा.

पैशांचं उलट आहे. "लागलं तरच घेतो" ही हमी वाटते, पण ज्या शिवारात कुठेही मारलं तरी दहात सहा लागतात, तिथे दहातल्या सहा जणांकडून पैसे येणारच. कोरड्या चारांत त्याचं काही जात नाही, रिगचं बिल तुमचं. वर त्याच्या कानावर काय येतं तेही पाहा. लागलेला माणूस टॉवेल-टोपी घेऊन घरी येतो. कोरडा गेलेला गप्प बसतो, किंवा रिगवाल्याला शिव्या देतो. वीस वर्षं अशी एकतर्फी बातमी ऐकणाऱ्या माणसाचा स्वतःवर विश्वास बसला नाही तरच नवल.

आणि कोरड्या बोअरसाठी पळवाटा तयार असतात. "अजून पन्नास फूट मारा", "हातभर सरकवलात", "रिगच्या दाबाने झरा बुजला". या प्रत्येकीत थोडंथोडं तथ्य असू शकतं, म्हणूनच त्या चालतात. फक्त लागलेल्या बोअरला त्यातली एकही लावली जात नाही हे पाहा. लागला तर नारळामुळे, आणि कोरडा गेला तर नारळ सोडून बाकी कशामुळेही. कावळा बसतो तेव्हाच्या फांद्या मोजायच्या आणि न बसता मोडलेल्या सोडून द्यायच्या, असा हा हिशेब.

मुरूम ते पाषाण:

भूवैज्ञानिकाचा प्रश्न राहिला. पूर्वग्रहातून तोही सुटत नाही.

त्याच्या रेझिस्टिव्हिटी सर्व्हेत, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते पाहताना, चार सळया एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडून आतल्या दोनवर विजेचा दाब मोजतात. बाहेरच्या सळया लांब नेल्या की जास्त खोलीची माहिती येते. घट्ट पाषाण विजेला जास्त अडवतो, पाणी भरलेला झिजलेला खडक कमी. पण चिकणमातीही कमीच अडवते, आणि तिच्यातून बोअरला पाणी मिळत नाही. शिवाय एकाच आलेखाला दोन-तीन वेगवेगळ्या थररचना बसू शकतात. त्यातली कोणती निवडायची हे निवडणाऱ्याच्या डोक्यात आधी काय आहे यावर जातं. रानात पाणाड्याची खुंटी ठोकलेली असेल आणि मालक "इथंच बघा जरा" म्हणत उभा असेल, तर आलेख तिथे गोड दिसायला लागतो.

म्हणून सर्व्हेच्या आदल्या दिवशी खुंट्या उपटा आणि पाणाड्याचं नावही काढू नका. सळयांची रेघ तारेचं कुंपण, पुरलेली पाइपलाइन आणि विजेच्या खांबांपासून लांब घ्यायला सांगा. अहवालात तीन जागा क्रमाने मागा, प्रत्येकीला अपेक्षित खोली "इतक्या ते इतक्या फुटांत" अशी. आणि चौथी एक जागा मागा: जिथे तुम्ही कधीच बोअर मारणार नाही ती, कारणासकट. चौकट यांच्या कागदावरची कोरी खालची ओळ निदान शब्दांत तरी भरली जाते. पुढे शेजाऱ्याने तिकडे बोअर मारला तर वहीत नोंद होईलच.

तळटीप:

विज्ञानवाल्यांना चिमटा काढायला एक उदाहरण. १९८७-८८ साली म्युनिकजवळ एका कोठारात पाणाड्यांची मोठी चाचणी झाली. खालच्या मजल्यावर १० मीटरच्या रेषेवर पाण्याचा पाइप गाड्यावरून हलवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ पाणाडी, ८४३ चाचण्या. चाचणी घेणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना जमलं नाही, पण मोजक्या काहींकडे खरी शक्ती आहे. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जिम एनराइट याने तेच आकडे तपासले आणि दाखवलं की हे मोजके लोक निकाल हाती आल्यावर निवडलेले आहेत, आणि तेच लोक दुसऱ्या खेपेला इतरांसारखेच चुकतात. एवढे लोक तपासल्यावर चार-सहा जणांचा आकडा बरा येणारच. चौकट यांनी वर सांगितलेले पंचक्रोशीतले नावाजलेले दोघे इथे प्रयोगशाळेत भेटतात.

दुसरं, "मी निःपक्षपणे बघतो" या निश्चयाचा फारसा उपयोग होत नाही. स्टॅनफर्डमध्ये १९७९ साली फाशीच्या बाजूचे २४ आणि विरोधातले २४ विद्यार्थी घेऊन त्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूने, एक विरोधात. दोन्ही गटांनी आपल्याविरुद्धच्या अभ्यासातल्या त्रुटी बरोबर शोधल्या, आपल्या बाजूच्या अभ्यासातल्या सोडून दिल्या, आणि वाचनानंतर आपापल्या मताला ते आणखी घट्ट चिकटले. १९८४ मध्ये त्याच धाटणीच्या प्रयोगात काहींना "न्यायाधीशासारखे निःपक्ष राहा" असं बजावलं, फरक पडला नाही. दुसऱ्या काहींना सांगितलं, प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा की हाच अभ्यास उलट निकाल देता तर मी याच्या पद्धतीला असंच मानलं असतं का? त्यांचा कल बराच सरळ झाला.

बोअरवर हा प्रश्न असा बसतो. १८० फुटांवर ओल लागली आणि "नारळाने बरोबर सांगितलं" असं वाटलं, की विचारायचं: १८० ला कोरडं निघालं असतं तर आपण नारळाला चूक म्हटलं असतं, की पन्नास फूट आणखी मारले असते?

खुंटी:

त्या पन्नास फुटांसाठीच रिग येण्याआधी एक कागद करा. त्यावर चार ओळी: जास्तीत जास्त खोली, यशस्वी म्हणजे तासाला किती लिटर, कोणत्या खुणेवर थांबायचं, आणि थांबा कोण म्हणणार त्याचं नाव. हा माणूस मालक नसावा, आणि रिगवाला तर नसावाच, कारण खोली वाढली की फुटाचा दरही वाढतो. खोलीसाठी २०० फूट ही रेघ बरी, कारण या खडकात बहुतेक पाणी वरच्या झिजलेल्या आणि भेगाळ भागातच असतं. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातही खोल विहिरीची रेघ ६० मीटरची आहे, म्हणजे जवळपास तेवढीच.

दर दहा फुटांना मूठभर चुरी वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर फूट लिहा. कोरडी काळी-करडी भुकटी म्हणजे पाषाण, पांढरे मणी दिसले तर मांजऱ्या, लाल आली तर दोन थरांमधला पट्टा. शेवटचे ६० फूट सलग कोरडी भुकटी आली असेल तर कागद काढून वाचा. रिगच्या आवाजात, रात्री दोन वाजता, भुकटी उडत असताना कुणालाही पुढचे पन्नास फूट ओले वाटतात.

मुरूम ते पाषाण:

खुंटी यांच्या कागदात एक भर. थांबायची खूण निव्वळ "६० फूट पाषाण" अशी ठेवू नका. पाषाण संपून लाल पट्टा नुकताच सुरू झाला असेल तर तो पार करून दहा-पंधरा फूट पुढे जा, मग थांबा. त्या जोडावर कधीकधी पाणी असतं. फक्त हा अपवाद आधी कागदावर लिहा, लाल भुकटी दिसल्यावर नव्हे. आणि लाल पट्ट्यावर केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) नसेल तर माती ढासळून मोटर अडकते, तेव्हा तिथे पाणी लागलं तर जाळीदार पाइपाची सोय रिगवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

माळरान:

दोन रिगवाल्यांनी वह्या द्यायचं कबूल केलंय. पाणाड्यालाही डोळे बांधायच्या फेऱ्यांबद्दल विचारलं. तो तयार आहे, त्याची अट एकच: भूवैज्ञानिकालाही त्याच रानात, त्याच दिवशी, खुंट्या न दाखवता बोलवायचं. रास्त वाटली. रेघेची लांबी ५० मीटर ठेवू की जास्त?

खुंटी:

५० पुरे. वाढवलीत तर दमून त्याचा हात थरथरेल आणि मग तीच पळवाट होईल. दर तीन फेऱ्यांनी चहा द्या.